तलवार म्यानात असताना : 'उसागी योजिम्बो'चा आस्वाद

सामुराईची साहसकथा हातात घेणाऱ्या वाचकाला काय हवे असते, हे सांगायला समीक्षक लागत नाही. धुळीचा रस्ता, एकटा योद्धा, गावाला छळणारी गुंडांची टोळी आणि मग क्षणात उपसली जाणारी तलवार. अकिरा कुरोसावाचा 'योजिम्बो' (१९६१) ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा क्रम पाठ असतो. स्टॅन साकाई यांची 'उसागी योजिम्बो' ही चित्रकथामालिका हा क्रम इमानेइतबारे पाळते. नायक येतो, अन्याय पाहतो, लढतो आणि पुढच्या गावाकडे चालू लागतो. १९८४ पासून चाळीस वर्षे हेच चालू आहे. फरक एवढाच दिसतो, की नायक ससा आहे. दोन्ही कान डोक्यावर शेंडीसारखे बांधून, कमरेला दोन तलवारी खोचून हा मियामोतो उसागी जपानच्या रस्त्यांवरून चालतो. 'उसागी' म्हणजे ससा, 'योजिम्बो' म्हणजे अंगरक्षक.

इतक्या ठरीव साच्याची मालिका इतकी वर्षे आवडीने का वाचली जाते? आणि त्याहून अडचणीचा प्रश्न असा, की सामुराईच्या पराक्रमाचा आनंद घेणे म्हणजे नेमका कशाचा आनंद घेणे? सामुराई हा जन्माने शस्त्र बाळगणारा वर्ग होता. त्याच्या तलवारीखाली शेतकरी, कारागीर, व्यापारी दबलेले होते. त्याचे शौर्य रंगवणारी कथा मिटक्या मारत वाचताना आपण त्या उतरंडीलाही मान डोलावत नाही ना? मला असे दिसते, की 'उसागी'तला खरा आनंद तलवार म्यानात असतानाचा आहे, आणि म्हणूनच ही मालिका दुसऱ्या प्रश्नाला इतर सामुराईकथांपेक्षा अधिक प्रामाणिकपणे सामोरी जाते. ती त्या प्रश्नातून पूर्णपणे सुटते असे मात्र नाही.

निर्माता आणि त्याचा ससा

साकाई यांचा जन्म १९५३ साली क्योतोत झाला. ते वाढले मात्र हवाईत. लहानपणी होनोलुलूत त्यांनी सामुराईपट भरपूर पाहिले, हवाई विद्यापीठात चित्रकलेचे शिक्षण घेतले. मियामोतो मुसाशी (सुमारे १५८४ ते १६४५) या इतिहासप्रसिद्ध तलवारबाजावर चित्रकथा करावी असे त्यांच्या मनात होते. वहीत सहज रेघोट्या मारताना त्यांनी एका सशाचे कान वर बांधून दाखवले, आणि मुसाशीचा उसागी झाला. नोव्हेंबर १९८४ मध्ये 'अल्बेडो अँथ्रोपोमॉर्फिक्स' या नियतकालिकाच्या दुसऱ्या अंकात तो पहिल्यांदा अवतरला. १९८७ पासून त्याचे स्वतंत्र अंक निघू लागले. पुढे प्रकाशक बदलत गेले. फँटाग्राफिक्स, मिराज, मग १९९६ पासून दोन दशकांहून अधिक काळ डार्क हॉर्स. हात मात्र बदलला नाही.

या शेवटच्या गोष्टीला महत्त्व आहे. अमेरिकी कॉमिकच्या धंद्यात लेखक एक, पेन्सिलीने चित्र काढणारा दुसरा, शाई फिरवणारा तिसरा, अक्षरे लिहिणारा चौथा अशी विभागणी सर्रास असते. साकाई कथा लिहितात, चित्रे काढतात, शाई फिरवतात आणि संवादांची अक्षरेही स्वतःच लिहितात. सर्जिओ आरागोनेस यांच्या 'ग्रू' या विनोदी मालिकेची अक्षरेही वर्षानुवर्षे त्यांनीच लिहिली आहेत. एखादी वस्तू हाताने पुरी करायला किती वेळ आणि किती चिकाटी लागते, हे त्यांना स्वतःच्या कामातून माहीत आहे. पुढे ज्या प्रसंगांबद्दल मी बोलणार आहे त्यांचे मूळ इथे असावे असे मला वाटते.

कथेचा काळ सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे. १६०० साली सेकिगाहाराची लढाई झाली, १६०३ मध्ये तोकुगावा इएयासु शोगुन झाला आणि दीर्घ यादवी थांबत आली. ज्यांचे धनी मारले गेले किंवा ज्यांची जहागीर गेली असे असंख्य सामुराई बेकार होऊन रस्त्यावर आले. अशा निर्धनी सामुराईला 'रोनिन' म्हणत. उसागी त्यांपैकीच एक. त्याचा धनी मिफुने (हे नाव म्हणजे तोशिरो मिफुने या नटाला केलेला मुजरा) स्वतःच्याच सेनापतीच्या फितुरीमुळे अदाचीच्या रणात मारला जातो. शत्रूने विटंबना करू नये म्हणून उसागी धन्याचे मस्तक घेऊन पळतो आणि ते पुरतो. नायकाच्या आयुष्याची सुरुवातच पराभवातून झाली आहे, आणि त्या पराभवानंतर त्याला करण्यासारखे ठरावीक असे काही उरलेले नाही.

माणसांऐवजी प्राणी का, हा प्रश्न मराठी वाचकाला 'पंचतंत्रा'कडे घेऊन जाईल. तिथे कोल्हा म्हटले की धूर्त, गाढव म्हटले की मूर्ख. जातीवरून स्वभाव ठरलेला. साकाई सहसा तसे करत नाहीत. गेन हा गेंडा पैशासाठी गुन्हेगार पकडतो, तोमोए आमे ही मांजर इमानी सरदार आहे, तिचा कोवळा धनी नोरियुकी पांडा आहे, उसागीचे गुरू कात्सुइची सिंह आहेत. कित्सुने ही कोल्हीण हातचलाख चोर आहे हे खरे. तिचे नावच मुळी 'कोल्हा' असे आहे. पण तिच्या चोरीमागची भूक आणि तिचा मायाळूपणा कथेत हळूहळू उलगडतो, आणि मग कोल्ह्याच्या तोंडवळ्यावरून तिला ओळखता येत नाही. प्राण्यांच्या चेहऱ्यांमुळे एक मात्र होते. दरबार, देवळे, खानावळी, पोशाख हे सारे अभ्यासून काढलेले असूनही पानावर इतिहासाचे दडपण येत नाही.

मरणाचे चित्रण

या मालिकेत माणसे, म्हणजे प्राणी, सतत मरतात. एकेका झटापटीत पाच-सहा जण सहज पडतात. पण रक्त जवळजवळ नसते. मरणाऱ्याच्या तोंडापाशी एक छोटा संवादफुगा येतो आणि त्यात एक छोटीशी कवटी असते. पहिल्यांदा पाहताना हसू येते. ती खूण परकी वाटेनाशी झाली की तिचा दुसरा अर्थ जाणवू लागतो. संवादफुगा ही चित्रकथेत बोलण्याची जागा. जो आता कधीच बोलणार नाही त्याच्या बोलण्याच्या जागी कवटी ठेवली आहे. आणि ती कवटी खलनायकाला मिळते तशीच नाव नसलेल्या प्याद्यालाही मिळते. साहसकथेत अशा प्याद्यांच्या मरणाची गणती सहसा कोणी ठेवत नाही. इथे ती पानावर दिसते.

तुलनेसाठी काझुओ कोइके आणि गोसेकी कोजिमा यांची 'लोन वुल्फ अँड कब' ही गाजलेली जपानी मालिका (१९७० ते १९७६) घ्यावी. लहानग्या मुलाला गाड्यात घालून सूडाच्या वाटेवर निघालेल्या ओगामी इत्तोची ही कथा कलेच्या दृष्टीने थोर आहे. कोजिमांच्या कुंचल्याने काढलेला वार इतका देखणा असतो की नजर त्यावर थांबते. अडचण तिथेच आहे. मारणे सुंदर होते आणि वाचक त्या सौंदर्यात गुंततो. साकाईंना या मालिकेबद्दल आदर आहे आणि तिची गंमतही करावीशी वाटते. 'लोन गोट अँड किड' या कथेत त्यांनी बापलेकाच्या जागी बोकड आणि त्याचे करडू उभे केले आहे. पण त्यांची स्वतःची रीत वेगळी आहे. त्यांच्या लढाया आखीव आणि वेगवान असतात, पण वाराच्या क्षणावर नजर रेंगाळेल असे काही ते तिथे ठेवत नाहीत. रेंगाळण्याच्या जागा त्यांनी दुसरीकडे राखून ठेवल्या आहेत.

हातांची कामे

'काइट स्टोरी' ही सुरुवातीच्या काळातली कथा घ्या. एक पतंग करणारा, एक लबाड जुगारी आणि उसागी अशा तिघांच्या बाजूंनी ती सांगितली आहे. पण पहिली पाने पतंगाची आहेत. उत्सवासाठी प्रचंड आकाराचा पतंग करायचा आहे. बांबूच्या कामट्या, कागद, सांगाडा, त्यावरचे चित्र, बांधणी अशा एकेका पायरीने चौकटी पुढे सरकतात. कथानकाला एवढ्या तपशिलाची गरज नाही. तरीही ती पाने कंटाळा आणत नाहीत, कारण एखादी गोष्ट आपल्या डोळ्यांसमोर घडत जाण्याचे सुख आपल्याला ठाऊक असते. कुंभाराच्या चाकाशी थांबलेले मूल कथानकाची वाट पाहत नसते. जुगाऱ्याचा आणि रोनिनचा गुंता नंतर सुरू होतो तेव्हा वाचकाची सगळी काळजी त्या पतंगाभोवती असते.

'काइसो' ही कथा खाण्याच्या समुद्री शेवाळाच्या शेतीची आहे. उथळ खाडीत फांद्या रोवायच्या, त्यांवर वाढलेले शेवाळ थंडीत काढायचे, पसरून वाळवायचे, हा उद्योग कथेच्या मध्यभागी आहे. शेजारच्या गावाशी असलेले वैर, चोरीचा संशय, वाढत जाणारी चिडचीड ही सारी त्या कामातून येतात. इथे गाव हा नायकाच्या पराक्रमासाठी उभारलेला पडदा राहत नाही. गावाला स्वतःचा हंगाम आहे, मेहनत आहे आणि भांडणही आहे. उसागी त्यात आलेला पाहुणा आहे.

सर्वांत नेमके उदाहरण 'दाइशो'चे. दाइशो म्हणजे सामुराईच्या लांब आणि आखूड अशा दोन तलवारींची जोडी. तलवार हा सामुराईचा आत्मा, हे वाक्य या कथाप्रकारात इतके घासून गुळगुळीत झाले आहे की कानावरून निघून जाते. साकाई कथा सुरू करतात ती लोहाराच्या भट्टीपाशी. शुद्धीचे विधी, तापलेले पोलाद, घड्या घालून पुन्हा पुन्हा ठोकणे, पाणी देणे. पानेच्या पाने एक माणूस घाम गाळत काम करतो आहे. त्यानंतर उसागीच्या तलवारी चोरीला जातात आणि त्या परत मिळवण्यासाठी तो स्वतःलाही न ओळखण्याइतका क्रूर होत जातो. भट्टीची पाने वगळून ही कथा वाचली तर ती मानापमानाची कथा राहते. ती पाने वाचल्यावर चोरीला काय गेले आहे हे आपल्याला कळते, आणि घडवणाऱ्याने ज्या निगुतीने ती घडवली तिच्याशी उसागीचा संताप किती विसंगत आहे हेही दिसते. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत तलवारींना नावे असतात. ती घडवणाऱ्या हातांना नावे क्वचितच मिळतात. त्या कादंबऱ्यांवर वाढलेल्या वाचकाने ही पाने जरा सावकाश पाहावीत.

साकाई अनेक कथांना शेवटी टिपा जोडतात, कोणत्या ग्रंथांचा आधार घेतला ते सांगतात. १९९० मध्ये मालिकेला अमेरिकेतला 'पेरेंट्स चॉइस' पुरस्कार मिळाला तो इतिहास आणि दंतकथा यांच्या कौशल्यपूर्ण गुंफणीसाठी. तरी या पानांचे मोल त्यांतल्या माहितीपुरते नाही. धमकी, लूट, जाळपोळ हे शब्द साहसकथेत स्वस्त असतात. काय जळणार आहे आणि ते करायला किती दिवस लागले होते, हे आधी दाखवले की त्यांची किंमत वाढते.

न बोललेले

म्यानातल्या तलवारीचा दुसरा अर्थ आवरलेल्या भावनेचा आहे. जपानी नाट्यपरंपरेत 'गिरी' म्हणजे कर्तव्याचे बंधन आणि 'निंजो' म्हणजे मनाची ओढ, यांचा झगडा पुन्हा पुन्हा येतो. साकाई तो झगडा मोठ्या संवादांतून मांडत नाहीत. 'सर्कल्स'मध्ये उसागी जन्मगावी परततो. त्याची बालपणीची सखी मारिको आता गावप्रमुख केनिचीची पत्नी आहे, आणि तिचा मुलगा जोतारो हा खरे तर उसागीचा. पुढे उसागी आणि जोतारो एकत्र लांबचा प्रवास करतात. दोघांनाही हे नाते ठाऊक आहे. आपल्याला ठाऊक आहे हे एकमेकांना ठाऊक नाही. त्या साऱ्या प्रवासात दोघे लढतात, थट्टा करतात, एका शेकोटीशी झोपतात, आणि निरोपाच्या वेळीही ती गोष्ट ओठांवर येऊ देत नाहीत. बोलले तर केनिचीचे घर मोडेल. शेकडो द्वंद्वे जिंकलेल्या नायकाची कसोटी इथे लागते, आणि तिच्यात तलवारीचा काही उपयोग नाही.

'चानोयु' या छोट्या कथेत तर जवळजवळ काहीच घडत नाही. तोमोए उसागीसाठी जपानी रीतीने चहा करते. तिच्या लग्नाची बोलणी दुसरीकडे चालली आहेत. भांडे पुसणे, पूड घेणे, पाणी ओतणे, घुसळणे, वाटी फिरवून पुढे करणे. ठरलेल्या हालचाली ठरलेल्या क्रमाने. शब्द मोजके. चित्रकथेत दोन चौकटींमध्ये जी कोरी पट्टी असते तिथे वाचक वेळ भरतो. इथे त्या पट्ट्यांत काय भरायचे ते साकाई वाचकावर सोपवतात. सामुराईच्या मालिकेतली ही सर्वांत तणावाची पाने आहेत असे मी म्हणेन, आणि त्यांत कोणाचाही हात मुठीकडे जात नाही.

मालिकेतली सर्वांत गाजलेली दीर्घकथा 'ग्रासकटर' हिलाही (तिला १९९९ चा आयझनर पुरस्कार मिळाला) हाच कल आहे. जपानच्या राजचिन्हांपैकी कुसानागी ही पौराणिक तलवार ११८५ मध्ये दान-नो-उराच्या सागरी लढाईत बाल सम्राट अंतोकुबरोबर बुडाली अशी परंपरा सांगते. कथेत ती तलवार वर येते. शोगुनाविरुद्ध सम्राटाच्या नावाने उठाव करू पाहणाऱ्या कटवाल्यांना ती हवी आहे. तिच्या नावावर पुन्हा यादवी पेटू शकते. ती उसागीच्या हाती लागते. सामान्य साहसकथेत अशी तलवार हाती आली की नायक तिने लढतो. इथे उसागीपुढचा प्रश्न ती कुठे ठेवावी हा आहे. तिच्या उत्तरभागात ती अत्सुता देवस्थानाकडे गुपचूप नेण्यासाठी सारा आटापिटा होतो, म्हणजे कोणालाही तिचा वापर करता येऊ नये. एवढ्या मोठ्या कथेचा पराक्रम एक तलवार नजरेआड करण्याचा आहे.

उतरंडीचा प्रश्न

आता सुरुवातीचा अडचणीचा प्रश्न. 'उसागी'तली गावे स्वतः का लढत नाहीत? त्यांना वाटसरू सामुराईची वाट का पाहावी लागते? याचे उत्तर भित्रेपणा नाही, इतिहासात आहे. १५८८ साली तोयोतोमी हिदेयोशीने फर्मान काढून शेतकऱ्यांकडची शस्त्रे जप्त केली. पुढे तोकुगावा काळात सामुराई, शेतकरी, कारागीर, व्यापारी ही उतरंड पक्की झाली, आणि उद्धट वागणाऱ्या सामान्य माणसाला जागीच कापण्याचा अधिकारही सामुराईला मिळाला. म्हणजे ज्या असहायतेतून सामुराई गावाला सोडवतो ती त्याच्याच वर्गाने निर्माण केलेली आहे. साकाई उर्मट, जुलमी सामुराई भरपूर दाखवतात. पण वाईट धनी हिकिजी आणि चांगला धनी नोरियुकी अशी मांडणी केली की दोष माणसाचा ठरतो, रचनेचा राहत नाही. उसागी स्वतः या रचनेला कधी प्रश्न विचारत नाही. मालिकेची ही मर्यादा आहे आणि आस्वादकाने ती झाकून ठेवू नये.

तरी मालिकेच्या आतच तिला एक उत्तर आहे. 'द पेशन्स ऑफ द स्पायडर' या कथेत इकेदा हा पराभूत सेनापती सूडाची संधी येईपर्यंत शेतकरी बनून लपतो. जाळे विणून थांबणारा कोळी त्याचा आदर्श. वर्षे जातात. कुदळ हातात बसते, पीक येते, बायकामुले होतात. अखेर संधी येते तेव्हा त्याला सूड नकोसा झालेला असतो. तो शेतातच राहणे पसंत करतो. पुढे 'ग्रासकटर'मध्येही हा इकेदा भेटतो. उतरंडीच्या वरच्या पायरीवरून कोणी खाली येतो आणि तिथे त्याला अधिक चांगले आयुष्य सापडते, असे सांगणारी ही सामुराईकथा आहे. साकाईंनी तिच्यावर भाष्य जोडलेले नाही.

इकेदाच्या शेजारी उसागीला उभे केले की मालिकेच्या केंद्रातली उणीव दिसते. पतंग करणारा, शेवाळ काढणारा, लोहार, नांगर धरणारा माजी सेनापती, चहा करणारी तोमोए, या सगळ्यांच्या हातून काहीतरी घडते. एकट्या नायकाच्या हातून काही घडत नाही. तो इतरांनी घडवलेले राखतो आणि निघून जातो. गावाला त्याची गरज असते, पण काम झाल्यावर त्याला तिथे जागा नसते, जन्मगावीही नाही. साकाई त्याच्याबद्दल कीव करायला लावत नाहीत, आणि त्याचा हेवा वाटेल असेही काही ठेवत नाहीत.

ज्याला नव्याने सुरुवात करायची आहे त्याने 'ग्रासकटर'पासून करू नये. तिची भव्यता आधीच्या लहान कथांवर उभी आहे. 'काइट स्टोरी' किंवा 'दाइशो' घ्यावी आणि कामाची पाने लढाईकडे जाण्याच्या घाईत उलटू नयेत. या मालिकेच्या सुखाचा मोठा वाटा तिथे आहे. सामुराई होण्याची हौस घेऊन आलेला वाचक त्या पानांवर थोडा थांबला, तर पतंगाच्या कामट्या कशा बांधल्या जातात हे पाहण्यात रमून जाईल, आणि बाहेर रस्त्यावर कोण येते आहे याची त्याला थोडी धास्तीच वाटू लागेल. त्या गावातल्या माणसांनाही तीच वाटत असणार.